थंब घेईना

नोव्हेंबर जवळ आला की आमच्या बेळगावात आया पोरांना "जेवलास काय" विचारायच्या आधी "स्टेटसला काय ठेवलायस" ते विचारतात. हसू नका, खरंच. ३१ ऑक्टोबरच्या रात्री घराघरात हे चालतं, "उद्या काही ठेवू नकोस हं राजा, कामावर जायचंय तुला", पोरगा म्हणतो "न्हाई गं आई", आणि बारा वाजले की ठेवतोच.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो, इकडच्यांनी हा पॅरा सोडून दिला तरी चालेल. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, तिकडं बिदर-भालकी हा मराठी पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, म्हणून इथली मराठी माणसं तो दिवस काळा दिन म्हणून पाळतात, काळ्या फिती, काळे झेंडे, निषेध फेरी. आणि त्याच दिवशी, त्याच गावात, चन्नम्मा सर्कलला लाल-पिवळे झेंडे आणि डीजे लावून राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची मिरवणूक. गावाचं नाव बेळगावी केलं तेही २०१४ च्या १ नोव्हेंबरलाच. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात घातलेला दावा अजून लागलेला नाही. त्यामुळे या दिवशी कुणी काय ठेवलं, काय ठेवलं नाही, कुठला डीपी बदलला, हे सगळं वाचलं जातं. काहीच न ठेवणारा सुद्धा सुटत नाही, त्यालाही दोन्हीकडून "हा कुणाचा?" असं विचारतातच.

मी उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या लहान वर्कशॉपांची, फाउंड्रींची पीएफ-ईएसआयची कामं बघतो. त्याआधी बरीच वर्षं एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो, म्हणजे हजेरी, रजा, शो कॉज नोटीस, चार्जशीट, डोमेस्टिक एन्क्वायरी यातच केस पिकले. त्यामुळे "नोकरीवरून काढलं" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कागद कुठाय? आणि या पोस्टवाल्या प्रकरणांत कागद नसतोच. चोरी केली तर कागद असतो, दारू पिऊन आला तर असतो, सुपरवायझरची कॉलर धरली तर चांगली पाच पानी चार्जशीट असते, पण मोबाइलवर काहीतरी लिहिलं म्हणून माणूस गेला तर एक फोन, बास.

ओळखीतला एक पोरगा आहे. खानापूर रोडच्या बाजूचं गाव, आयटीआय केलेला, एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, ऑपरेटर. कंपनीच्या रोलवर नव्हे, कॉन्ट्रॅक्टरकडून. काम चोख, रिजेक्शन कमी, सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, त्याच्यावर खूश. हा सेटर बैलहोंगलकडचा, घरी पक्कं कन्नड, आणि पोराला मशीन शिकवली ती त्यानंच, "ऑफसेट नोडप्पा, नीट बघून घाल की" असल्या भाषेत. शॉपमध्ये भाषेचं भांडण मी आयुष्यात बघितलं नाही. तिथं भांडण असतं ते ओव्हरटाइमचं आणि फॅन कुणाच्या बाजूला फिरवायचा त्याचं.

तर १ नोव्हेंबरला या पोरानं स्टेटस ठेवलं. काळा झेंडा आणि खाली एक ओळ, आजचा दिवस आमच्यासाठी सणाचा नाही अशा अर्थाची. शिवी नाही, कुणाच्या आईबापावर जाणं नाही, कंपनीचं नाव तर नाहीच. पण आदल्या महिन्यात खंडेनवमीला मशीनला हार घालून, कुंकू लावून काढलेला फोटो त्याच्या फेसबुकला होता, आणि त्या फोटोत मागं कंपनीचा बोर्ड. कुणीतरी स्टेटसचा स्क्रीनशॉट आणि हा फोटो असे दोन शेजारी-शेजारी चिकटवून एका पेजवर टाकले, खाली ऑफिसचा लँडलाइन नंबर, आणि कन्नडमधून मजकूर, की इथलं अन्न खाऊन इथल्याच राज्याला नावं ठेवणाऱ्यांना कामावर ठेवणारी ही कंपनी. आता व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस म्हणजे तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे त्यालाच दिसणार ना, म्हणजे स्क्रीनशॉट काढणारा ओळखीतलाच कुणीतरी, कदाचित शेजारच्या मशीनवरचा. पोराला सगळ्यात जास्त ते लागलं. काम गेल्यापेक्षा ते. कोण असेल, कोण असेल, यातच त्याचे कितीतरी दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला गेला आणि गेटवरनं मला फोन. "काका, थंब घेईना झालंय. आत सोडेनात." त्याला आधी वाटलं नेहमीचंच आहे, कूलंटनं बोटं सोलवटली की पंचिंग मशीनवर अंगठा उमटत नाही, मग पँटला पुसायचं, फुंकर मारायची, परत लावायचं, तसं तो बिचारा करत राहिला. मागं लाइन लागलेली. शेवटी वॉचमन मामांनी बाजूला घेऊन सांगितलं, "बाळा, नाव काढलंय रे सिस्टीममधनं."

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला चार दिवस घरी बस, वातावरण निवळू दे. आमच्याकडे "चार दिवस" म्हणजे किती ते सांगायला नको. पुढं पीएफच्या पोर्टलवर त्याची डेट ऑफ एक्झिट टाकायची वेळ आली ती माझ्याकडेच. तिथं कारणाची एक यादी येते, त्यातलंच एक निवडायचं. रिटायरमेंट आहे, सुपरअ‍ॅन्युएशन आहे, कामावर असताना मृत्यू आहे, कायमचं अपंगत्व आहे, आणि उरलेल्या सगळ्यांसाठी सेसेशन, शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे थोडी नोकरी करून काम संपलं. तेच टाकलं. म्हणजे उद्या कुणी रेकॉर्ड काढून बघितलं तर या पोराचं काहीही झालेलं नाही, थोडे दिवस काम केलं आणि गेला. आता तो गोव्यात वेर्ण्याला आहे. पगार बरा आहे म्हणतो, भाड्यात जातो.

मी मालकांकडे गेलो होतो मध्ये. मालक मराठीच. तरुणपणी ते स्वतः काळ्या दिनाच्या फेरीत सायकल घेऊन जायचे, हे त्यांनीच मला एकदा सांगितलेलं. मी विषय काढल्यावर भडकलेच, "अहो माझं डोकं फिरलंय काय? पोरगं चांगलंय, मला कळत नाही काय ते? पण दिवसभर फोन, दिवसभर. उद्या गेटवर येऊन काचा फोडल्या तर तुमची ती स्टँडिंग ऑर्डर चिकटवू काय काचंला?" स्टँडिंग ऑर्डर म्हणजे कारखान्यातले नोकरीचे लेखी नियम.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं भय खोटं नव्हतं, हे कबूल करायला पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली आणि इकडं कन्नड लोकांचे वीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली तेव्हा गावानं काय काय बघितलं ते आठवा. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. २०२३ च्या जूनमध्ये तर निव्वळ स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, इंटरनेट बंद करायची पाळी आली. या मालकांचं कास्टिंग कोल्हापूर-पुण्याला जातं, वीज कर्नाटकातल्या हेस्कॉम कंपनीची, अर्धे कस्टमर हुबळी-बंगळूरचे, म्हणजे माणूस दोन्ही बाजूंनी अडकलेला. बँकेचं कर्ज डोक्यावर असताना एका कॉन्ट्रॅक्टवरच्या ऑपरेटरसाठी कोण छाती पुढं काढणार?

पण म्हणूनच मला हे जास्त वाईट वाटतं. मालकानं पोस्ट वाचली, विचार केला, असला माणूस आपल्याला नको असं ठरवलं, असं असतं तर निदान वाद घालायला समोर एक माणूस असता. इथं मालकाला पोस्टबद्दल काही म्हणायचंच नव्हतं, उलट मनातनं तो पोराच्याच बाजूचा. काढलं गर्दीनं. आणि गर्दीला ना त्याचं नाव नीट माहीत, ना त्याला महिन्याला किती मिळतात ते, ना संध्याकाळी ती गर्दी जागेवर असते, ती दुसऱ्या पेजवर गेलेली असते.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण टाइम ऑफिसात राहून जे हाताखालून गेलं ते सांगतो. १९८३ साली सुप्रीम कोर्टात ग्लॅक्सो कंपनीची एक केस झाली, उत्तर प्रदेशातली, संपाच्या वेळी कारखान्याच्या बाहेर झालेल्या भानगडींची. तेव्हा कोर्टानं जे सांगितलं ते आमच्या जुन्या पर्सनल मॅनेजरांना तोंडपाठ होतं, की गेटच्या बाहेर कामगार काय करतो त्यावर मालकाचा अंमल चालत नाही, मालक हा काही गावच्या कायदा-सुव्यवस्थेचा राखणदार नव्हे आणि कामगारांना संस्कार लावणारा गुरूही नव्हे. गुरू हा शब्द त्या निकालात खरोखर आहे. मला तो फार आवडतो, कारण आमच्याकडे प्रत्येक मालकाला आतून तेच व्हायचं असतं. अर्थात बाहेर घडलेल्या गोष्टीचा कामाशी सरळ संबंध लागत असेल तर कारवाई करता येते हेही कोर्टांनी मानलंय. सुपरवायझरला रस्त्यात गाठून मारलं तर "साहेब, बाहेर मारलं" म्हणून सुटत नाही कुणी.

पण हे सगळं ज्याला स्टँडिंग ऑर्डर लागू आहेत त्याला. २०२५ च्या नोव्हेंबरात नवे लेबर कोड लागू झाले, त्यात स्टँडिंग ऑर्डरसाठी कमीत कमी ३०० कामगारांची अट आली, पूर्वी केंद्राच्या कायद्यात ती १०० होती. उद्यमबागेत ३०० कामगार असलेले कारखाने बोटांवर मोजावेत इतकेच, बाकी सगळी वीस-पंचवीस, फार तर साठ-सत्तर माणसांची शॉप, त्यातले निम्मे कॉन्ट्रॅक्टवर. म्हणजे कायदा छान आहे, तो पोराच्या शॉपपर्यंत पोचत नाही एवढंच. आणि गंमत बघा, जिथं तो पोचतो तिथं चोरीच्या आरोपावरून सस्पेंड केलेल्या कामगारालाही एन्क्वायरी संपेपर्यंत पहिले नव्वद दिवस अर्धा पगार द्यावा लागतो. यानं काही चोरलं नव्हतं, त्याला तोही नाही.

सरकारी नोकरांचं वेगळं. त्यांच्यावर बंधनं जास्त, केंद्राच्या १९६४ च्या नियमांत सरकारवर जाहीर टीका करायची नाही असं लिहिलेलंच आहे, महाराष्ट्र सरकारनं तर २०२५ च्या जुलैत सोशल मीडियासाठी वेगळ्या सूचना काढल्या. पण त्यांना मागं उभं राहायला काहीतरी आहे. त्रिपुरात मत्स्य खात्यातल्या एका क्लार्क बाईंना निवृत्तीच्या अगदी तोंडावर सस्पेंड केलं, एका राजकीय सभेला गेल्या आणि फेसबुकवर पोस्ट टाकली म्हणून. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या हायकोर्टानं सांगितलं, सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचा बोलण्याचा हक्क संपत नाही, आणि कारवाई मोडीत काढली. २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठासमोर तामिळनाडू ग्राम बँकेच्या एका कर्मचाऱ्याची केस आली, त्यानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मॅनेजमेंटवर काहीबाही लिहिलं म्हणून चार्ज मेमो, म्हणजे आरोपांचं पत्र, दिलेला. कोर्ट म्हणालं, माणसाला मनातली वाफ बाहेर काढायचा हक्क आहे. चार्ज मेमो रद्द. मी हे आमच्या एका ग्रुपवर टाकलं तर पहिली रिप्लाय, "काका, बँकेत होता म्हणून कोर्टात गेला. वेल्डर असता तर?" बरोबर आहे त्याचं. कोर्टात जायला सुद्धा कामावर रजा मिळावी लागते.

दुसऱ्या बाजूनं बघा. पालघरच्या दोन पोरींना २०१२ साली एका फेसबुक पोस्टवरून पकडलं होतं, त्यावरून देशभर आरडाओरडा झाला आणि शेवटी २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं ६६अ कलम रद्दच केलं. केवढा आनंद झाला होता आपल्याला. पण पोलिसांनी पकडलं तर निदान एफआयआर असतो, वकील असतो, जामीन असतो, पेपरात बातमी येते. थंब बंद केला तर काय असतं? सरकारनं तोंड दाबलं तर आपण रस्त्यावर येतो, आणि तेच काम गल्लीतल्या कॉन्ट्रॅक्टरनं केलं तर त्याला आपण "त्याचा प्रश्न" म्हणतो.

आता अवघड भाग, जो मला टाळता येत नाही. सगळंच चालवून घ्यायचं काय? नाही. २०१८ मध्ये कठुआच्या त्या लहान मुलीच्या प्रकरणानंतर कोचीतल्या एका खाजगी बँकेतल्या माणसानं फेसबुकवर तिच्या मरणाचं समर्थन केलं होतं, ते इथं परत लिहायची सुद्धा माझी इच्छा नाही. लोकांनी बँकेचं पेज भरून टाकलं आणि तो गेला. तेव्हा मलाही वाटलं, बरं झालं. पण बँकेनं जाहीर काय केलं? तर त्याला काम बरोबर नाही म्हणून आधीच काढलं होतं. म्हणजे जिथं कारण छातीठोक सांगता आलं असतं तिथंही कागदावर दुसरंच. त्याला समोर बसवून, हे तू लिहिलंस काय, तुझ्या काउंटरला उद्या त्या मुलीच्या समाजाची बाई आली तर तू काय करशील, असं विचारून, लिहून घेऊन काढला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

माझ्यापुरती रेघ मी अशी ओढतो, की या माणसाच्या हातात जे काम आहे त्यात दुसऱ्या कुणाचा जीव, पोट किंवा मार्क अडकलेत का, आणि त्याच्या पोस्टमुळे त्या माणसाला त्याच्यासमोर उभं राहायची भीती वाटेल का. दवाखान्यातला वॉर्डबॉय लिहीत असेल की अमक्या जातीच्या पेशंटला मी हात लावणार नाही, तर तो त्याचा वैयक्तिक विचार नाही राहिला. मास्तर लिहीत असेल अमक्यांची पोरं शाळेत नकोत, तर त्या पोरांचे पेपर तोच तपासणार आहे. सुपरवायझरनं हाताखालच्या बाईबद्दल ग्रुपवर घाण लिहिली तर त्यासाठी २०१३ चा कायदा आहे, समिती आहे, बसवा. पण व्हीएमसी ऑपरेटरनं काळा झेंडा ठेवला तर स्पिंडल उलटा फिरतो काय?

आणि एक सांगू? शॉपमध्ये मोबाइलमुळे ज्या गोष्टीला खरंच मेमो द्यायला पाहिजे ती वेगळीच आहे. पोरं चालू मशीनसमोर रील करतात, गॉगल नाही, बाह्या लोंबतायत, मागं कस्टमरचा जॉब आणि टेबलावर कस्टमरचं ड्रॉइंग स्पष्ट दिसतंय, वर गाणं. ते ड्रॉइंग बाहेर दाखवायचं नाही असं कंपनीनं कस्टमरला लिहून दिलेलं असतं. असल्या रीलवरनं कुणाला काढल्याचं मी ऐकलेलं नाही, उलट मालकाचा पोरगा लाइक करतो.

आता आपल्याकडचं बोलू या, नाहीतर हा लेख एकतर्फी रडगाणं होईल. चंदगड-गडहिंग्लज बाजूला एका मोबाइलच्या दुकानात एक कन्नड पोरगा कामाला होता. कुठल्यातरी रीलखाली त्यानं "बेळगाव कर्नाटकाचंच" असं लिहून हसायची इमोजी टाकली. झालं. आपल्या मराठी पेजवाल्यांनी दुकान शोधलं, बोर्डाचा फोटो टाकला, संध्याकाळपर्यंत पोरगा घरी. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर फटाक्यांच्या इमोजी, "जिरवली". मी लिहिलं, अरे आपल्या पोराला काढलं तेव्हा तुम्हीच तर चार दिवस तळमळत होता, याची आई वेगळी काय? तर एकानं लिहिलं, "काका तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" माझ्या सख्ख्या पुतण्यानं त्याला अंगठा दिला. मी काही ग्रुप सोडला नाही, असल्या कारणानं ग्रुप सोडणारी माणसं मला आवडत नाहीत, पण दोन-तीन दिवस गुड मॉर्निंग टाकलं नाही.

२०२५ च्या मे महिन्यात बंगळूरजवळ आनेकल तालुक्यातल्या स्टेट बँकेच्या एका मॅनेजर बाई कन्नड बोलणार नाही म्हणाल्या, व्हिडिओ फिरला आणि लगेच बदली झाली. हे प्रकरण मला त्या पोरापेक्षा वेगळं वाटतं, ते काउंटरवर घडलं, गिऱ्हाइकासमोर, ड्युटीवर असताना. बँकेनं त्यात लक्ष घालायलाच पाहिजे होतं. त्यावर आमच्याकडची मराठी मंडळी दोन्ही तोंडांनी बोलत होती, कन्नड सक्ती वाईट पण मुंबईत मराठी सक्ती पाहिजेच. त्याच्या दोन-तीन महिने आधी, फेब्रुवारीत, मराठी बोलता येत नाही म्हणून इथल्या बसच्या कंडक्टरला मारहाण झाली होती आणि दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या होत्या, ते तेवढ्यात विसरले. कंडक्टरही कामावरच होता की.

हे सगळीकडे चाललंय म्हणा. २०२० मध्ये आखाती देशांतले आपलेच काही लोक मुसलमानांबद्दल फेसबुकवर लिहून नोकऱ्या घालवून बसले. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये चार्ली कर्क या उजव्या नेत्याचा खून झाल्यावर ज्यांनी वाकडं-तिकडं लिहिलं त्यांच्या याद्या लोकांनी केल्या, शिक्षक, नर्स, विमान कंपन्यांचे कर्मचारी, कितीतरी जणांवर गदा आली. तिकडं खाजगी नोकरीत कारण न देताही बहुतेकांना काढता येतं. पण पगाराबद्दल, कामाच्या त्रासाबद्दल कामगार आपापसात बोलत असतील तर त्याला १९३५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, फेसबुकवर बोलले तरी. आमच्याकडे उलटं आहे बघा, ओव्हरटाइम मिळाला नाही अशी पोस्ट टाकणारा सगळ्यात आधी जातो आणि त्याला कुणी ट्रोल करायची सुद्धा गरज लागत नाही.

कोर्टात जिंकलं म्हणून फार काही हाताला लागतं असंही नाही. इंग्लंडात मँचेस्टरकडच्या एका हाऊसिंग ट्रस्टमधल्या माणसानं चर्चमधल्या समलिंगी लग्नांविरुद्ध फेसबुकवर सभ्य भाषेत काहीतरी लिहिलं, ट्रस्टनं त्याला खालच्या पदावर टाकलं, पगार ४० टक्के कमी. २०१२ मध्ये हायकोर्टानं सांगितलं ट्रस्ट चुकला. भरपाई किती? शंभर पौंडांच्याही आत. त्याचं मत मला पटत नाही, पण त्या पगारकपातीचा मला राग येतो.

आणि आता ती गोष्ट जी आठवली की मला अजून हसू येतं. १४ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना, बोम्मई आणि शिंदेंना, समोर बसवलं. त्याआधी महिनाभर सीमेवर जे पेटलं होतं त्यात ट्विटांचा मोठा हात होता. बैठकीनंतर शहांनी सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावानं फेक ट्विटर अकाउंट काढून आग लावली गेली, आणि शिंदेंनी सांगितलं की "ते ट्विट माझे नव्हेतच" असं बोम्मई म्हणतात. बास, विषय मिटला, फोटो निघाले, सगळे घरी. मला तेव्हा त्या ट्विटांच्या खरेखोटेपणात पडायचं नव्हतं आणि आजही नाही. पण राज्याच्या मुख्यमंत्र्याला कुणीतरी विचारलं, बाबा हे तुझं आहे का, आणि तो नाही म्हणाला ते ऐकून घेतलं, एवढं तरी झालं. आमच्या पोराला कुणी विचारलंच नाही. तो तर "होय, माझंच आहे" म्हणणार होता.

म्हणून मालकांना मी सांगतो, तुम्ही हुतात्मे व्हा असं कोण म्हणतंय. धमकीचा फोन आला तर नंबर लिहून घ्या आणि उद्यमबाग पोलीस स्टेशनला द्या, ते काम त्यांचं. पेजवाल्यांना एक ओळ टाका, हे कामगाराचं वैयक्तिक मत आहे, कंपनीचा संबंध नाही, आणि परत उत्तर देऊ नका. एकट्या मालकाच्या काचा फुटतात हे खरं, मग उद्योजकांची संघटना कशाला आहे, ऑगस्टला झेंडावंदन करायला? सगळ्यांनी मिळून एकदा सांगितलं की बाहेरच्या फोनवर आम्ही माणसं काढत नाही, तर फोन करणाऱ्यालाही कंटाळा येईल. गर्दीला कंटाळा फार लवकर येतो.

त्यांनी माझं अर्धंच ऐकलं. कुणीतरी बंगळूरच्या कन्सल्टंटकडून अपॉइंटमेंट लेटरचा नवा मसुदा आणलाय, त्यात एक कलम आहे, कंपनीची प्रतिमा मलिन होईल असा कुठलाही मजकूर कुठल्याही माध्यमात टाकल्यास सेवा तात्काळ समाप्त. कुठलाही, कुठल्याही, तात्काळ. पोरं वाचत नाहीत, सही करतात, कारण पुढच्या टेबलावर बूट आणि हेल्मेट मिळतं. मी ते खोडून दुसरं लिहून दिलं, कस्टमरचे ड्रॉइंग आणि शॉपमधले व्हिडिओ टाकायचे नाहीत, सहकाऱ्याला धमकी किंवा घाण लिहायची नाही, बाकी ड्युटीबाहेर काय लिहितो त्यात कंपनी पडणार नाही, आणि बाहेरून तक्रार आली तर लेखी विचारल्याशिवाय आणि आठ दिवस गेल्याशिवाय कसलीही कारवाई नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनाही हेच लागू. मालकांनी चष्मा लावून वाचलं. कॉन्ट्रॅक्टरच्या ओळीवर पेन्सिलनं गोल केला, पण खोडलं नाही. आठ दिवसांवर मात्र अडले, "आठ दिवसांत माझा कारखाना जाळतील हो, तीन करा." मी पाच म्हटलंय. अजून हो आलेलं नाही, पण फोन उचलतात.